सोमवारचं कोर्ट

इस्पितळाच्या तळघरात, जिथे सगळ्या वॉर्डांच्या चादरी, अभ्रे आणि पेशंटचे गाऊन धुवायला येतात, तिथे दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कोर्ट भरायचं. न्यायाधीश कोणी नव्हतं, म्हणजे सगळेच होते. वकील मात्र एकच होती. तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. खाली तिला सगळे वकीलबाईच म्हणायचे. शाळा तिची लवकर सुटली, पण जीभ काही शाळेत शिकलेली नव्हती, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. एकदा कोणाची बाजू मांडायला लागली की समोरच्याच्या हातातला घास हातातच वाळायचा.

खटले चालायचे ते टीव्हीतल्या माणसांवर. रविवारी संध्याकाळी बायकांच्या तुरुंगाची एक मालिका लागायची. तळघरातल्या मंडळींनी ती पहिल्या भागापासून धरून ठेवली होती आणि त्यातल्या कैदी बायका त्यांना सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जवळच्या वाटायच्या. कोर्टाचा नियम असा की जो हरेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. वकीलबाईने शेवटचा चहा कधी केला होता ते कोणालाच आठवत नव्हतं.

मंडळी म्हणजे तरी किती. मावशी सगळ्यांत जुनी, घड्या घालणारी. तिचे गुडघे गेले होते पण हात अजून मशीनला लाजवायचे. चष्मेवाली मळलेले कपडे वेगळे करायची आणि गाऊनच्या खिशांतून पेशंटांचे दात, अंगठ्या, अर्ध्या गोळ्या काढून ठेवायची. इस्त्रीमामा मोठ्या रोलरवर. ओल्या चादरी एका बाजूने आत घालायच्या आणि दुसऱ्या बाजूने वाफाळत बाहेर येतील तशा धरायच्या, हे त्याचं काम. आणि नवी. नवीला येऊन चार वर्षं झाली होती तरी ती नवीच, कारण तिच्यानंतर कोणी आलंच नव्हतं.

आता चादर ही वस्तू अशी की तिची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी चार टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि टोकाला टोक लावायचं. दिवसभर हेच. त्यामुळे सोमवारी कोर्टात ज्याच्याशी आपलं वाजलं त्याच्यासमोर दुपारी चादर धरायची पंचाईत व्हायची. मग आपोआप जोड्या बदलायच्या. एका मताची माणसं एका चादरीला. सुपरवायझरला वाटायचं, ही माणसं कामाच्या सोयीने जागा बदलतात.

त्या महिन्यात मास्तरीणबाईंचा खटला गाजत होता. मास्तरीणबाई म्हणजे मालिकेतली शाळेत शिकवणारी बाई, नवऱ्याच्या खुनासाठी जन्मठेप झालेली. तिच्या कोठडीत एक पाकीटमार पोरगी होती. पोरीने गादीत मोबाइल लपवला होता आणि त्यावरून ती आजारी आईशी बोलायची. मास्तरीणबाईंनी हे जाऊन जेलरीणबाईंना सांगितलं. बदल्यात त्यांना आपल्या मुलाला जाळीशिवाय भेटता आलं, एकदाच, आणि पोरगी गेली अंधारकोठडीत.

वकीलबाईने मास्तरीणबाईंना उभं फाडून खाल्लं. "एका ताटात जेवायचं आणि त्याच ताटात विष कालवायचं," ती म्हणाली. "खून परवडला. खुनात निदान समोरून वार असतो." मावशीने मान डोलावली, चष्मेवालीने तर डोळे पुसले. एकटा इस्त्रीमामा आडवा गेला. त्याचं म्हणणं एवढंच की तीन वर्षांत पोराचं तोंड न पाहिलेली बाई काय करेल हे आपण इथे भाजी-पोळी खात ठरवू नये. कधीकधी माणूस सांगून जातो, त्याने तो वाईट ठरत नाही. त्यावर वकीलबाईने त्याला असा काही धारेवर धरला की बिचारा उठून चहाचं आधण ठेवायला गेला. सलग चार सोमवार चहा त्यानेच केला.

नवी या वादात पडायची नाही. तिच्या घरी टीव्ही होता, पण तो अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांच्या खोलीत, आणि सासऱ्यांना बातम्यांशिवाय काही चालायचं नाही. त्यामुळे मालिका तिला कळायची ती वकीलबाईच्या तोंडून. तोंडाचा आ करून ऐकायची आणि शेवटी हळूच विचारायची, मग त्या पोरीचं काय झालं. तिच्यासाठी म्हणून वकीलबाई कधीकधी एखादा प्रसंग पदरचं घालून रंगवायची.

या सासऱ्यांचंच एक गुपित तळघरात होतं. त्यांना कशाचंच भान राहिलं नव्हतं. रोजच्या रोज चादरी खराब व्हायच्या आणि नवीच्या घरी ना पुरेसं पाणी, ना वाळत घालायला जागा. ती एका पिशवीत त्या घेऊन यायची आणि सकाळच्या पहिल्या मशीनमध्ये इस्पितळाच्या कपड्यांबरोबर टाकायची. बाहेरचा एक रुमालही आत आणायचा नाही असा सक्त नियम होता. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. मावशी तर त्या चादरी स्वतः घडी घालून पिशवीत भरून द्यायची.

एक दिवस निळ्या फुलांचा एक अभ्रा पांढऱ्या अभ्र्यांत मिसळून वर गेला. वॉर्डातल्या सिस्टरने तो पेशंटच्या डोक्याखालून काढला आणि सुपरवायझरच्या टेबलावर आणून आपटला.

सुपरवायझरने सगळ्यांत आधी वकीलबाईला वर बोलावलं. पोरगा तिच्या मुलाच्या वयाचा. त्याची केबिन अर्धा जिना चढून, काचेची. इतक्या वर्षांच्या नोकरीत वकीलबाई त्या केबिनमध्ये शेकडो वेळा गेली असेल, पण उभ्याने. उभ्याने ऐकून घ्यायचं आणि उभ्यानेच परत यायचं. आज त्याने खुर्ची पुढे केली. म्हणाला, तुम्ही अनुभवी आहात, खालचे लोक तुमचा शब्द मानतात असं ऐकलंय. मला कोणावर कारवाई वगैरे करायची नाही. मला फक्त तुमचं मत हवंय.

मत. हा एक शब्द त्याने नसता वापरला तर कदाचित काहीच घडलं नसतं. जन्मात कोणी तिला खुर्चीवर बसवून मत विचारलं नव्हतं. घरी नवरा तर ती बोलायला लागली की डोळे मिटायचा. वकीलबाई सावरून बसली आणि तिने बाजू मांडायला सुरुवात केली. गरिबी म्हणजे काय. अंथरुणाला खिळलेलं माणूस म्हणजे काय. एका बादलीत तीन चादरी धुणं म्हणजे काय. नियम माणसांसाठी की माणसं नियमासाठी. सुपरवायझर मान डोलावत होता, मधेच हं म्हणत होता, आणि ती रंगात येत गेली. एवढं सुंदर ती कधीच बोलली नव्हती. सगळं बोलून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की अजून कोणावर आरोपच झालेला नव्हता, आणि बाजू मांडता मांडता आपण आरोपीचं नाव सांगून बसलो आहोत.

तिथेही ती सावरू शकली असती. पण ती घाबरली. उठताना आवाज खाली आणून म्हणाली, "तेवढं मी सांगितलं असं कुठे म्हणू नका." त्याने हसून मान हलवली. तीही हसली. जिना उतरताना ती स्वतःला समजावत होती की आपण नवीचं भलंच केलं. आता साहेब तिला बोलावून समज देतील आणि प्रकरण मिटेल.

दुसऱ्या दिवशी नवीला वर बोलावलं. ती खाली आली ती कामाचा एप्रन काढूनच. "मला उद्यापासून नको म्हणाले," एवढंच म्हणाली आणि आपला कप घेऊन पिशवीत ठेवू लागली. तिला कप कागदात गुंडाळायचं सुचत नव्हतं, मावशीने गुंडाळून दिला. मागोमाग सुपरवायझर स्वतः उतरला आणि सगळ्यांना ऐकवून गेला की खाली काय चालतं ते त्याला कळतं, आणि ते त्याला खालूनच कळतं.

त्या आठवड्यात कोर्ट सोमवारची वाट बघत बसलं नाही. त्याच दुपारी भरलं. आपल्यातलं कोणीतरी वर जाऊन बोललं, हे तर साहेबच सांगून गेले होते. कोण, एवढाच प्रश्न. चष्मेवालीने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, महिनाभर चहाडखोराची बाजू कोण घेत होतं? सांगितलं तर काय बिघडलं, असं कोण म्हणत होतं?

सगळ्यांच्या नजरा इस्त्रीमामाकडे वळल्या. पुरावा बिनतोड होता. ज्याला मालिकेतली चहाडी खपते त्याला खरी का खपणार नाही? मालिका बघून बघून या माणसांना असं वाटायला लागलं होतं की टीव्हीतल्या माणसाबद्दल जो जे बोलतो तोच तो आतून असतो. वकीलबाईचंही नाव निघालं, कारण आदल्या दिवशी ती वर गेली होती. त्यावर मावशीच खवळली. "ती? जिने मास्तरीणबाईला महिनाभर सळो की पळो केलं, ती जाऊन सांगेल?" आणि विषय तिथेच संपला. वकीलबाईची चार सोमवारांची भाषणं तिच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहिली होती.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. इस्त्रीमामाने काही बोलायला तोंड उघडलं, वकीलबाईकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं. मग तो उठून रोलरकडे गेला. बोलत नाही म्हणजे केलंय, असं चष्मेवाली म्हणाली. आणि आयुष्यभर दुसऱ्याला बोलू न देणारी वकीलबाई डब्यात मान घालून बसली. तिला स्वतःची शरम वाटली, पण त्याहून मोठी सुटल्याची भावना होती, आणि त्या सुटकेची शरम जास्त वाटली.

त्या दिवसापासून इस्त्रीमामाच्या चादरीचं दुसरं टोक धरायला कोणी गेलं नाही. रोलरमधून चादर बाहेर यायची, तो एक टोक हनुवटीखाली दाबायचा, दोन हात लांबवायचे तेवढे लांबवायचा आणि जमिनीला लागू न देता ती कशीबशी दुमडायचा. घडी वाकडी व्हायची. मग उलगडून पुन्हा. जेवायलाही तो ड्रायरच्या मागे बसू लागला, जिथे उकाड्याने दोन घासही सुखाने जात नाहीत. वकीलबाई मावशीसमोर चादर ताणायची, झटकायची, पुढे चालत जायची, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला ती हनुवटी दिसायची. ती गेली नाही. एकदा दोन पावलं गेली होती, तेवढ्यात चष्मेवालीने वर पाहिलं आणि ती साबणाचा डबा घ्यायला आल्यासारखी परत वळली. साबणाचा डबा घेऊन उभं राहताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी मालिका लागली. मास्तरीणबाई कोठडीत एकट्याच बसल्या होत्या आणि बाकीच्या बायका त्यांच्याकडे पाठ करून जेवत होत्या. वकीलबाईने उठून टीव्ही बंद केला. आवाज थांबला तसा आरामखुर्चीत घोरणारा नवरा जागा झाला.

"मेली का मास्तरीण?" त्याने विचारलं.

ती नाही म्हणाली. मग बंद का केलास, तर म्हणे डोकं दुखतंय. नवऱ्याला आश्चर्य वाटलं. डोकं दुखण्याचं नव्हे, एवढ्या थोड्या शब्दांचं.

सोमवारी त्या मास्तरीणबाईला बोल लावायला तिची जीभ उचलेना. बाकीच्यांना वाटलं, नवीच्या जाण्याचं बाईंनी मनाला लावून घेतलंय. मावशीने तिच्या डब्यात आपल्यातली भाजी वाढली. त्या भाजीचा एकेक घास तिला दगडासारखा लागला.

शेवटी त्याच संध्याकाळी, कामं संपल्यावर, तिने इस्त्रीमामाला मागच्या नळापाशी गाठलं. तो मान खाली घालून हात धुत होता. रोलरच्या वाफेने त्याची बोटं नेहमीच सुजलेली असत. तिने घरून मोठी प्रस्तावना ठरवून आणली होती. खुर्ची, साहेबांचं गोड बोलणं, आपला हेतू. त्यातलं काही आठवलं नाही. "मामा, नवीचं मी सांगितलं," एवढंच तोंडातून निघालं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्हाला जिना उतरताना पाहिलं होतं. हसत उतरत होतात. त्या केबिनमधून आजवर कोणी हसत उतरलेलं मी पाहिलं नाही."

तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने विचारलं, मग बोलला का नाहीत.

त्याने नळ बंद केला. "महिनाभर त्या टीव्हीतल्या बाईसाठी भांडत होतो की नाही? ती वाईट नाही, तिला समजून घ्या म्हणून. आणि खरी बाई समोर आली की तिला फासावर चढवायची? मग माझं ते बोलणं म्हणजे नुसती चहाच्या वेळची करमणूक झाली." हात पुसता पुसता तो थोडा थांबला. "पण खोटं कशाला सांगू. एकट्याने जेवण जात नाही."

घरी जाताना वकीलबाईला एक गोष्ट कळून चुकली आणि ती तिला फार लागली. आपण त्याच्याकडे कबुली द्यायला गेलो नव्हतोच. जाऊ द्या, मी आहे ना, असं त्याने म्हणावं म्हणून गेलो होतो. आणि तो बरंच काही म्हणाला, पण तेवढं म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर ती उभी राहिली. उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून सांगवेना. म्हणाली, मामांनी काही केलेलं नाही. नवीचं नाव मी सांगितलं.

मग मावशीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांकडे पाहिलं. "बघा. याला म्हणतात मन. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेतेय, का तर एवढ्या वर्षांचा माणूस एकटा पडू नये." चष्मेवालीने नाक ओढलं. म्हणाली, बाईंचा सगळ्यांवरच जीव आहे, त्यांना कोणाला तोडवत नाही. मग तिने ड्रायरच्या दिशेने आवाज चढवला, की बघा मामा, तुमच्यासाठी कोण काय करतंय, निदान आता तरी लाज धरा.

आणि इथे जे झालं ते वकीलबाईने पुढे कोणालाच सांगितलं नाही. तिला ते गोड लागलं. क्षणभरच, पण लागलं. नवीचं नाव सांगून झालं होतं, आता कबुलीही देऊन झाली होती; आपण आपलं काम केलं, त्यांनी विश्वास ठेवला नाही त्याला आपण काय करणार, असा एक मुद्दा मनात तयारही झाला. चांगला मुद्दा होता. कोर्टात टिकला असता. ड्रायरच्या मागे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. मामाचं जेवण अर्ध्यातच संपलं होतं.

तिने मावशीच्या हातातून हात सोडवून घेतला.

"साहेबांनी मला खुर्ची दिली," ती म्हणाली. "मत विचारलं. मला बरं वाटलं. मी पिशवीचं सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं, पहिल्या मशीनचं सांगितलं. आणि निघताना म्हटलं, मी सांगितलं असं कुठे म्हणू नका."

या शेवटच्या वाक्यानंतर ती मोठ्या मनाने दुसऱ्याचं पाप अंगावर घेतेय असं कोणीच म्हणू शकत नव्हतं. मावशीचा हात होता तिथेच अधांतरी राहिला. चष्मेवालीने आपला डबा जवळ ओढला, मुद्दाम नव्हे, पण ओढला. कोणी तिला दोष दिला नाही, कोणी कसला निकाल दिला नाही. मास्तरीणबाईसाठी ज्यांच्याकडे शंभर शिव्या होत्या त्यांना हिच्यासाठी एक सुचेना. मावशी लंगडत उठली, ड्रायरपाशी गेली आणि मामाला काहीतरी हळू बोलली. मामा डबा घेऊन आला आणि आपल्या जुन्या जागी बसला.

मग मावशीने विचारलं, "नवीला कोण सांगणार?"

मीच सांगेन, वकीलबाई म्हणाली. आज सुटल्यावर तिच्या घरी जाते. कुठे राहते ती?

चष्मेवालीने मावशीकडे पाहिलं. मावशीने मामाकडे. दोन बस बदलून यायची, एवढं मामाला ठाऊक होतं. कुठल्या बस, ते नाही. मालिकेतल्या मास्तरीणबाईंचं माहेर कोणतं, त्या पोरीची आई कुठल्या गल्लीत कितव्या मजल्यावर राहते, जेलरीणबाईंच्या लेकीला कुठल्या शाळेत घातलंय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. चार वर्षं समोर चादर धरून उभी राहिलेली बाई कुठल्या घरी जाते हे चौघांपैकी एकाही माणसाला माहीत नव्हतं. तिच्या सासऱ्यांच्या चादरीवर कुठली फुलं होती ते मात्र सगळ्यांना आठवत होतं. मावशीने तोंडावर हात धरला.

पत्ता असणार तो एकाच ठिकाणी, वर केबिनमध्ये. कोणीतरी जायला हवं होतं, आणि कोणी जायचं हे विचारायची गरज नव्हती. वकीलबाईने एप्रनला हात पुसले आणि जिन्याकडे निघाली. पाठीवर आता चार जोड्या नव्हेत, नवी गेल्यामुळे तीनच जोड्या डोळे होते. काचेतून सुपरवायझरने तिला येताना पाहिलं. ती दारात पोचेपर्यंत तो उठलासुद्धा. त्याने तिच्यामागे दार लोटून घेतलं, खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "या, बसा. आज कोणाबद्दल?"